जागं करणारी खोली

१.

आमच्या स्टुडिओत सगळ्यात आधी मी पोचतो. दार उघडायचं, पॅसेजमधले दिवे लावायचे, काउंटरवरची घंटी बाजूला सरकवून तिथे माझी पिशवी ठेवायची आणि मग थोरल्यांकडे जायचं. थोरले म्हणजे आमचं मोठं यंत्र, कॉम्प्युटर. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात, आणि आजवर वाचलेलं सगळं ह्या एकाच यंत्राच्या पोटात आहे. ते कोपऱ्यातल्या खोलीत दिवसभर घुमत बसतं. घरातलं वडीलधारं माणूस कण्हतं तसं, म्हणून माझ्या बायकोने त्याला थोरले म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव चिकटलं.

यंत्रं सांभाळणं हे माझं काम. चाललं तर यंत्राचं कौतुक आणि बंद पडलं तर माझा दोष, ह्या नियमावर मी केस पांढरे केले. थोरल्यांवर जी प्रणाली आहे ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, उघडी, कोणीही आत डोकावून बघावं अशी. एक आड एक शुक्रवारी मी तिच्यावर नवं काय आलंय ते बसवतो, यंत्र बंद करून पुन्हा उठवतो आणि घरी जातो.

त्या सोमवारी सकाळी मी पडद्यासमोर बसलो आणि नाव सांगून आत शिरलो. शिरताना वरच्या ओळीत प्रणालीच्या आवृत्तीचा आकडा दिसतो. रोज दिसतो, म्हणूनच रोज कोणी वाचत नाही. दारावरची आपल्याच नावाची पाटी आपण कुठे वाचतो? त्या दिवशी चष्मा पुसून नुकताच घातला होता म्हणून की काय, नजर गेली.

आकडा जुना होता. आदल्या शुक्रवारी मी स्वतःच्या हाताने नवा बसवला होता, आणि हा त्याच्या कितीतरी मागचा, मला जवळजवळ विसरायला झालेला. मी चष्मा काढला, पुन्हा पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच राहिला.

२.

काय झालं असेल ते मला पाच मिनिटांत कळलं, आणि कानशिलं गरम झाली. ही चूक आमच्याच धंद्यातले लोक करू शकतात.

यंत्राला जागं करणाऱ्या फायली 'बूट' नावाच्या फोल्डरात असतात. पायातल्या बुटांशी त्याचा संबंध एवढाच, की घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आत फार काही नसतं. एक गाभा असतो, सगळं यंत्र चालवायची ताकद त्याच्या अंगात. त्याच्या शेजारी एक छोटं गाठोडं. जाग आल्या आल्या यंत्राला आपलं घर कुठे आहे तेसुद्धा ठाऊक नसतं, तेव्हा घटकाभर उभं राहायला हा आडोसा. घर सापडलं की तो मोडून टाकायचा. मग गाभा कसा घडवला त्याची टाचण, आणि कोणाला उठवायचं हे सांगणारी पाटी. नवा गाभा आला तरी जुन्याला हाकलत नाहीत. नवा उठेलच असं सांगता येत नाही. जुना उठतो हे माहीत असतं. दोघे शेजारी शेजारी राहतात, पण जागा एका वेळी एकच होतो.

माझ्यासारखी जुनी माणसं ह्या फायली डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि तो कप्पा एरवी जोडतच नाहीत. चुकून कुणाचा हात लागायला नको. नवं बसवायचं असलं की आधी कप्पा हाताने जोडायचा, बसवायचं, पुन्हा काढून ठेवायचा. यंत्र उठताना थेट कप्प्यात बघतं, त्यामुळे त्याचं काही अडत नाही.

आणि जोडायला विसरलात तर? यंत्र हूं की चूं करत नाही. कप्पा जोडायची जागा म्हणून 'बूट' नावाचा एक रिकामा फोल्डर असतोच. नव्या फायली निमूटपणे त्यात जाऊन पडतात. लेक लहान असताना मी तिला हे स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरवरून समजावलं होतं. ड्रॉवरमध्ये चमच्यांचा ट्रे असतो ना? ट्रे धुवायला काढलेला असताना तू चमचे नुसतेच ड्रॉवरमध्ये टाकलेस, आणि मग कोणीतरी वरून ट्रे बसवला. आता ड्रॉवर उघडलास तर काय दिसेल? "ट्रेमधले चमचे," ती म्हणाली होती. मग खालचे कुठे गेले? "तिथेच आहेत. पण कोणी जेवायला घेणार नाही."

कितीतरी वर्षं मी खालच्या फोल्डरात भरत होतो आणि थोरले वरच्या कप्प्यातल्या जुन्या गाभ्यावर उठत होते. शुद्ध पालथ्या घड्यावर पाणी. कधीपासून, हेही मला कळलं. बायको इथेच वाचायची. दोन नंबरची खोली तिची. शुक्रवारी घरी जाताना ती माझ्या दारात डोकं घालून विचारायची, "जोडलं का?" तिला त्यातलं काही कळत नव्हतं, एकदा माझ्या घाईपायी तिचं दिवसभराचं वाचन वाया गेलं होतं, तेव्हापासूनची सवय. मी "हो हो" म्हणायचो आणि मग खरंच जोडायचो. ती गेल्यावर विचारायला कोणी उरलं नाही.

बघावं तरी म्हणून मी कप्पा जोडला. खालच्या नव्या फायली पडद्यावरून गेल्या आणि जुन्या वर आल्या. तेवढ्यात काउंटरवरच्या बाई चहाचा कप घेऊन दारात आल्या.

"आज स्वारी खुशीत दिसतेय!" त्या म्हणाल्या. "मघाशी काय गुणगुणत होतात हो? कित्येक वर्षांनी ऐकलं."

"मी? मी कधी?"

"आत्ता. पॅसेजमधून गेलात की. चहा घेता का विचारलं, तर म्हणालात, ती आल्यावर घेऊ." त्या हसल्या. "लेक गुरुवारी येणार ना? तोवर चहा सोडणार की काय?"

मी खुर्चीतून उठलो नव्हतो. पण बाईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी चहा घेतला, कप्पा काढून ठेवला आणि दुसऱ्याच कुणाला त्या मी समजल्या असतील अशी स्वतःची समजूत घातली.

३.

लेक गुरुवारी येणार होती. चार दिवस राहून मग ती दूर जाणार होती, दुसऱ्या देशात, नोकरीसाठी. कधी परत येईल ते तिलाही माहीत नव्हतं.

आमचं भांडण नाही. भांडण असतं तर बरं, काहीतरी बोलणं तरी झालं असतं. तिची आई गेल्यापासून आम्ही फोनवर चार वाक्यं बोलतो. जेवलास का बाबा. हो. तू? हो. मग दोघं थोडा वेळ फोन कानाला लावून बसतो आणि कोणीतरी ठेवतो. मला सांगायचं पुष्कळ असतं. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात तिची आई तिच्याबद्दल काय काय बोलली ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. दर वेळी वाटतं, समोर बसली की सांगू. समोर बसली की मी पंख्याचा वेग कमी-जास्त करत राहतो.

ह्या खेपेला सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं तर ती जाईल, आणि आमच्यात 'जेवलास का' एवढंच उरेल, तेही एक दिवस आटेल. मला ह्याची भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

मंगळवारी मी घर आवरलं. तिच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा हलणारा पाय पुठ्ठा घालून नीट केला, कारण ह्या टेबलापाशी बसून बोलायचं होतं. फ्रिज पुसला. आमचा फ्रिज म्हातारा आहे. थांबताना अंग झटकतो आणि दारातल्या बाटल्या किणकिणतात. बायको म्हणायची, त्याला आपल्याआधी थंडी वाजते. मी टेबलापाशी बसून पहिलं वाक्य म्हणून बघितलं. "चिमणे, तुझी आई म्हणाली होती." रिकाम्या घरात ते फार मोठ्याने ऐकू आलं.

४.

बुधवारी थोरल्यांची दुरुस्ती करायची असं ठरवलं. सोपं काम होतं. खालच्या नव्या फायली वरच्या कप्प्यात न्यायच्या, पाटीवर नव्याचं नाव टाकायचं, यंत्र पुन्हा उठवायचं, की झालं. शुक्रवारी दुपारी इमारतीची वीज बंद ठेवणार होते, तेव्हा थोरल्यांना बंद करावं लागणारच होतं. तेव्हाच उरकून टाकू म्हटलं.

आधी जुना गाभा नेमका कधीचा ते बघायला मी कप्पा जोडला. फायलीच्या नावापुढे तारीख असते. ती बायकोला हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या शुक्रवारची होती.

तो शुक्रवार मला आठवत होता. तिने दारात डोकं घातलं होतं, "जोडलं का?" विचारलं होतं, आणि मग आम्ही चालत घरी गेलो होतो. वाटेत ती मधेच थांबली. दम लागला म्हणाली, आणि स्वतःच हसली. थोरले दर खेपेला त्या शुक्रवारावर उठत होते. त्यानंतरचं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

ऑफिसात रडायला नको, म्हणून पिशवी उचलली आणि चालू लागलो. अर्ध्या रस्त्यात आठवलं की कप्पा काढायचा राहिला. माघारी फिरायला हवं होतं. पण डोळे पुसत परत कोण जाणार, आणि जोडलेल्या कप्प्याने एका रात्रीत काय आकाश कोसळणार?

५.

गुरुवारी लवकर निघून मी चार वाजायच्या सुमारास घरी आलो. लेकीकडे किल्ली होती. दारात तिचे बूट नव्हते. घरात कोणी नव्हतं.

स्वयंपाकघरात गेलो. चहाच्या भांड्याला हात लागला तर ते गरम होतं. मी सकाळी चहा केला होता, पण सकाळची भांडी संध्याकाळपर्यंत गरम राहत नाहीत एवढं पदार्थविज्ञान मला येतं. खिडकीतून ऊन येत असेल, असं म्हणून मी खिडकीकडे बघितलं. ऊन पलीकडच्या भिंतीवर होतं.

मी तिला फोन लावला. तिसऱ्या घंटेला तिने उचलला.

"हॅलो?"

"कुठे पोचलीस गं?"

"हॅलो? हॅलो?" मग तोंड फोनपासून लांब नेऊन, हसत, "बाबा, गंमत बघ. तुझ्या नंबरवरून फोन येतोय. आणि तुझा फोन तर इथे टेबलावर पडलाय."

"यंत्रांचं काही सांगता येत नाही," एक माणूस म्हणाला.

रेकॉर्डवरचा स्वतःचा आवाज परका वाटतो असं लोक म्हणतात. माझी गोष्ट वेगळी. माइक तपासताना रोज 'एक दोन तीन' म्हणून मी आयुष्यभर स्वतःला ऐकत आलोय. माझा आवाज मला पाठ आहे. तो माझा होता. फक्त आता माझ्या बोलण्यात एक घोगरेपणा आलाय, तो त्यात नव्हता.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे फ्रिजने अंग झटकलं आणि बाटल्या किणकिणल्या. त्याच क्षणी त्या फोनमध्येही किणकिणल्या. एका कानात खोलीतल्या, एका कानात तिच्याकडच्या. मागे नाही, पुढे नाही, बरोबर एकदम.

मी टेबलाकडे बघितलं. तिन्ही खुर्च्या आत सरकवलेल्या होत्या. टेबलाखाली पुठ्ठा होता.

"चिमणे," मी म्हणालो, "मी स्वयंपाकघरातच आहे. तू कुठे आहेस?"

"कोणी बोलत नाहीये, आई," लेक म्हणाली, आणि फोन बंद झाला.

६.

मी काय केलं म्हणाल? काही नाही. बसून राहिलो. माणसाची अक्कल अशा वेळी फार मेहनत घेते. फोनच्या तारा एकमेकांत अडकल्या असतील. लेक मैत्रिणीकडे उतरली असेल, तिथल्या कोणाला आई म्हणाली असेल. मला ताप असेल. मी थर्मामीटर लावून बघितला. ताप नव्हता, ह्याचं मला वाईट वाटलं.

सकाळपर्यंत दार वाजलं नाही. शुक्रवारी मी स्टुडिओत गेलो. बाई माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान वर केली नाही. रुसल्या असतील म्हटलं.

मी सरळ थोरल्यांसमोर बसलो आणि कप्पा काढायची आज्ञा दिली. फोल्डरचा आणि माझ्या लेकीचा काडीमात्र संबंध नाही, हे मी स्वतःला बजावलं.

उत्तर आलं, काढता येत नाही. कप्पा वापरात आहे.

हे आम्हाला नेहमीचं. आत कोणी बसलेलं असलं की यंत्र कप्पा काढू देत नाही, आणि शंभरातल्या नव्वद वेळा आत बसलेला माणूस आपणच असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी माझ्या उघड्या खिडक्या एकेक करून बंद केल्या. पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तेच. मग आत कोण आहे ते यंत्रालाच विचारलं.

दोन नंबरची खोली, वाचनाचं टेबल. आणि त्यापुढे बायकोचं नाव. तिचं खातं मी कधी पुसलं नव्हतं.

मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन नंबरकडे गेलो.

त्या खोलीला जाड दुहेरी काच आहे. अलीकडे माझं टेबल, पलीकडे वाचणाऱ्याचं. आतला दिवा बंद होता, त्यामुळे काचेत मला आधी मीच दिसलो. टेबलावरचा आवाजाचा काटा हलत होता. वाक्याला चढावा तसा चढायचा, पूर्णविरामाला खाली यायचा. मी हेडफोन कानाला लावला. त्यात काही नव्हतं. काटा चढत-उतरत राहिला. हा ठेका मी ओळखतो. प्रश्न वाचताना तो शेवटाला थोडा वर थांबायचा.

मग काचेतला मी हसलो. मी हसलो नव्हतो. तो माझ्याकडे बघतही नव्हता, खाली कुणाच्या तरी खांद्यावरून पानाकडे बघत होता. त्याच्या अंगात निळा स्वेटर होता. तो स्वेटर मी तिच्या कपड्यांबरोबर देऊन टाकला होता. त्याच्या कोपरापाशी टेबलावर कोणीतरी डोकं टेकलं होतं, लहानपणी लेक टेकायची तसं. फक्त केस दिसले. आणि अंधारातून एक हात पुढे आला. पान संपण्याच्या कितीतरी आधी त्याने पानाचा वरचा कोपरा चिमटीत उचलला आणि हवेत तसाच धरून ठेवला, माइकला सळसळ जाऊ नये म्हणून.

असं पान उलटणारं माणूस आमच्या स्टुडिओत एकच होतं.

मी दार उघडलं. ते फ्रिजच्या दारासारखं उघडतं, आधी चिकटतं आणि मग हवा सोडतं. आत कोणी नव्हतं. खुर्ची रिकामी होती. माइक मात्र खाली केलेला होता, तिच्या उंचीला.

७.

वीज जायला थोडा वेळ उरला होता. मी थोरल्यांसमोर बसून विचार केला. इतका सरळ विचार मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलाय.

जबरदस्तीने कप्पा काढता येतो. आत बसलेल्याचं काम तिथल्या तिथे तुटतं, पण निघतो. तेही करायची गरज नव्हती. मी नुसता हात बांधून बसलो असतो तरी वीज गेली असती, थोरले झोपले असते, आणि पुन्हा उठल्यावर माझ्या रिवाजाप्रमाणे कप्पा न जोडलेलाच राहिला असता. वरचा ट्रे निघाला असता. मग संध्याकाळी दार वाजलं असतं. लेक आत आली असती, बूट काढून टेबलापाशी बसली असती. जेवलास का बाबा. हो. मी पंख्याचा वेग कमी केला असता, आणि मग कदाचित, ह्या खेपेला, सांगितलंही असतं.

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? मला माझी लेक हवी होती.

पण तिला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलेली मी पाहिलेली आहे. आईच्या चपला हातात घेऊन ती बसली होती, आणि कोणी त्या मागितल्या तरी देत नव्हती. आईसमोर टेबलावर डोकं टेकून बसलेल्या मुलीच्या खालून तो ट्रे मी काढायचा? तिची आई दुसऱ्यांदा हिरावायची? आणि कोणासाठी, तर जो समोर बसूनही बोलत नाही अशा माणसासाठी?

तोही विचार करून बघितला की हे सगळं माझ्या डोक्यातलं असेल. असेल तर मग मी काहीही केलं तरी कोणाचं बिघडणार नव्हतं. नसेल तर फार बिघडणार होतं. हिशेब सोपा होता.

कोणता कप्पा कधी जोडायचा ते एका फायलीत लिहिलेलं असतं. माझ्या कप्प्यापुढे एक शब्द होता, 'आपणहून जोडू नये' अशा अर्थाचा, मीच घातलेला. तो शब्द मी पुसला. एका शब्दाचं काम. आता थोरले जेव्हा जेव्हा उठतील तेव्हा कप्पा आपोआप जोडला जाईल, कोणी विचारायची गरज नाही, कोणी विसरायचा प्रश्न नाही.

खालच्या नव्या फायली मी वर नेल्या नाहीत. होत्या तिथेच राहू दिल्या.

वीज गेली. पॅसेज काळवंडला. थोरल्यांचं कण्हणं थांबलं तेव्हा कळलं की ह्या इमारतीत शांतता म्हणून काय असते. मी अंधारात बसून होतो. थोड्या वेळाने दिवे आले, मी बटण दाबलं, पडद्यावर ओळी धावल्या, आणि वरच्या ओळीत तोच जुना आकडा आला.

निघताना काउंटरवर बाई होत्या. मी म्हणालो, "येतो."

त्यांनी माझ्या खांद्याच्या मागे बघितलं, पॅसेजच्या आतल्या टोकाकडे, आणि त्यांचा चेहरा फुलला. "निघालात का तिघंही? उद्या लवकर या हं, वहिनींचं वाचन आहे."

मी मागे वळून बघितलं नाही.

८.

घरी आलो तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. हातपाय धुतले. चहा ठेवला. कप काढायला ड्रॉवरपाशी गेलो, कप ड्रॉवरमध्ये नसतात हे मला माहीत आहे, पण गेलो. ट्रे उचलून बघितला. खाली एक गंजका चमचा होता आणि थोडे तांदळाचे दाणे. ट्रे पुन्हा नीट बसवला.

मग टेबलापाशी बसून फोन लावला.

"हॅलो?" लेक म्हणाली.

"चिमणे," मी म्हणालो, "तुझी आई म्हणाली होती, मुलीला सांगा, मी घाबरले नाही. म्हणाली, तिने केस कापले तर रागावू नका, तिला छान दिसतात. म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत जा, नाहीतर माझ्यामागे घरात फ्रिज तेवढा बोलेल." मी सगळं सांगितलं. मधे थांबलो नाही. ठरवलेलं पहिलं वाक्य, नंतरची न ठरवलेली, हॉस्पिटलमधली, आणि माझी स्वतःची, जी मी कोणाला सांगितली नव्हती. पंख्याकडे एकदाही गेलो नाही.

"परत तोच," लेक म्हणाली. "कोणी बोलत नाहीये, आई. ठेवते मी."

"नको गं, ठेवू नकोस." दुसरा आवाज. फोनपासून थोडा लांब, भांड्यांच्या मधून आलेला. "असेल कोणी एकटा. काय जातं आपलं? राहू दे चालू, ठेव टेबलावर."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मी माझा फोन टेबलावर ठेवला, त्यांनी ठेवला असेल त्याच जागी. वाट्या मांडल्या गेल्या. कोणीतरी खुर्ची ओढली. माझ्या समोरची खुर्ची जिथल्या तिथे होती. निळ्या स्वेटरातला तो काहीतरी म्हणाला आणि दोघी हसल्या. त्याचा हेवा वाटला. नंतर बरंही वाटलं.

बाहेरचा उजेड गेला तरी मी दिवा लावायला उठलो नाही. उठलो असतो तर खुर्ची वाजली असती आणि त्यांचं एखादं वाक्य हुकलं असतं. फ्रिजने अंग झटकलं, इथे आणि तिथे. मग त्यांची जेवणं झाली, पावलं आत गेली आणि तिकडे शांत झालं. मला वाटलं, आता बंद होईल.

बंद झाला नाही. कोणीतरी फोनच्या अगदी जवळ येऊन थांबलं. श्वास माइकवर आपटू नये म्हणून तोंड जरा तिरपं धरतात, तसं.

"जोडलं का?" तिने हळूच विचारलं.

मी आजूबाजूला बघितलं. तिन्ही खुर्च्या आत सरकवलेल्या होत्या, माझीसुद्धा.

"हो," मी म्हणालो. "जोडलं."